‘कुठलं वेब कॉमिक वाचू?’ या प्रश्नामागचा इतिहास

मुंबईत छापील कॉमिक शोधायला जावं लागत नसे. स्टेशनावरच्या स्टॉलला ते चिमट्याने लटकलेलं असायचं, किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्पीत सापडायचं, आणि गिरगाव-दादरकडच्या लायब्रऱ्यांमध्ये तर दहा हातांतून फिरून आलेलं, टाचणीच्या जागी दोरा ओवलेलं मिळायचं. १९६४च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि वेताळ घराघरांत पोचला, मराठीतूनही. त्याच मालिकेत १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. इंद्रजालच्या उभारणीत असलेल्या अनंत पैंनी १९६७मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे ‘अमर चित्र कथा’ काढली आणि १९८०मध्ये ‘टिंकल’. त्यातला शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या हातचा, सुप्पंडी राम वाईरकरांचा. हा सगळा कारभार मुंबईतला. काय छापायचं ते संपादक ठरवायचे, काय पुढे लटकवायचं ते स्टॉलवाला. वाचकाने फक्त घरून पैसे काढायचे, आणि खरं तर तेच सगळ्यात अवघड काम होतं.

वेब कॉमिकला, म्हणजे छापण्याऐवजी थेट इंटरनेटवर येणाऱ्या कॉमिकला, असा स्टॉल कधी मिळालाच नाही. ‘मला काहीतरी सुचव ना’ हा प्रश्न म्हणूनच या माध्यमाच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. कुणी नाव सांगितल्याशिवाय ते सापडतच नाही.

सुरुवात तशी लवकर झाली. डेव्हिड फार्ली या अमेरिकी चित्रकाराने १९९३मध्ये ‘डॉक्टर फन’ हे एका चौकटीचं व्यंगचित्र वेबवर टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, आणि मुंबई पहिल्या शहरांमध्ये होती. पण स्वस्तातलं जे ‘शेल’ खातं मिळे, त्यावर नुसती अक्षरं दिसत, चित्र नाही. म्हणजे कॉमिक होतं, इंटरनेट होतं, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. ती पडली पुढे सायबर कॅफेंमध्ये, तासाचे पैसे मोजत, चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरताना बघत.

१९९८चं ‘पेनी आर्केड’, २००३चं ‘डायनासोर कॉमिक्स’, २००५चं ‘एक्सकेसीडी’ अशी वेब कॉमिक आली त्या काळात शिफारशीची पद्धत चित्रकारांनीच बसवली. प्रत्येकाच्या साइटवर ‘मी हे वाचतो’ अशी लिंकांची यादी असे. एखादा सुटीवर गेला की दुसरा त्याच्यासाठी पाहुणी स्ट्रिप काढून देई, आणि वाचक आपोआप त्याच्याकडेही वळत. ‘डायनासोर कॉमिक्स’वाल्या रायन नॉर्थने २००६मध्ये ‘प्रोजेक्ट वंडरफुल’ नावाची जाहिरातींची व्यवस्था काढली. छोटे चित्रकार एकमेकांच्या पानावरची जागा लिलावात थोडक्या पैशांत घेऊ शकत. ती २०१८मध्ये बंद पडली. जाहिरात डोळ्यांत खुपायच्या ऐवजी वाचावीशी वाटावी, असं इंटरनेटवर क्वचित घडतं, तिथे ते घडत होतं.

नुसत्या तोंडी शिफारशीची ताकद कळायला एक उदाहरण पुरे आहे. ब्रायन फाइज याने आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची हकिगत ‘मॉम्स कॅन्सर’ या नावाने, सुरुवातीला निनावी, वेबवर टाकली. ती एकाने दुसऱ्याला पाठवत पसरली, आणि २००५मध्ये कॉमिकसाठीच्या अमेरिकेतल्या आयस्नर पुरस्कारांत डिजिटल कॉमिकचा विभाग नव्याने सुरू झाला तेव्हा पहिला मान तिला मिळाला.

मराठीपुरती यात आणखी एक गंमत आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट उघडली की ‘आधी आमचा फाँट उतरवून घ्या’ अशी पाटी दिसे. न घेतला तर पडद्यावर नुसते आकडे आणि चिन्हं. हाताने अक्षर काढलेली स्ट्रिप मात्र चित्र म्हणून जशीच्या तशी दिसायची. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा ‘चिंटू’ १९९१पासून ‘सकाळ’मध्ये येत होता, रोज एक स्ट्रिप वाचायची सवय लागलेली होती, फाँटची अडचण नव्हती. मराठी वेब कॉमिकला याहून चांगली जमीन कुठली हवी होती? पण चित्रातला मजकूर सर्च इंजिनला बराच काळ वाचताच येत नव्हता. विनोदातलं वाक्य आठवतंय म्हणून टाइप करावं, तर हाती भोपळा. जे दिसायला सोपं होतं, तेच शोधायला अशक्य होऊन बसलं. मराठीत सलग चालणारी वेब कॉमिक आजही मोजकीच दिसतात, त्याला माझ्या मते हे एक कारण आहे.

२०१३च्या जुलैत गूगल रीडर बंद झालं. आपल्या आवडीच्या साइटवर नवं काही आलं की एका जागी दिसायची सोय गेली, आणि वाचक फेसबुक-इन्स्टाग्रामच्या हवाली झाला. तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर. फॉरवर्डमध्ये चित्र येतं, पण खालची सही कापलेली असते. पुढे काय वाचायचं याचा धागा तिथेच तुटतो. ‘एक्सकेसीडी’चं तर अर्धं कॉमिकच गळतं. त्याचा चित्रकार रँडल मन्रो चित्रामागे आणखी एक वाक्य दडवतो. संगणकावर माउस चित्रावर थोडा वेळ ठेवला की ते उमटतं आणि बहुधा खरा टोला तिथेच असतो. ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांना आठवतात, त्यांना हे पटकन कळेल: खिडकीतून भलतंच काही दिसायचं आणि पान उलटलं की साळसूद प्रसंग निघायचा. ते पान कुणी उलटूच दिलं नाही, तर उरेल तेवढंच फॉरवर्डमध्ये उरतं.

दरम्यान कोरियात वेगळंच घडत होतं. तिथल्या दाउम या इंटरनेट कंपनीने २००३मध्ये आणि नेव्हर या दुसऱ्या कंपनीने २००४मध्ये वेबटून सुरू केले. पानाची कल्पनाच सोडून त्यांनी चौकटी वरून खाली एका लांब पट्टीत मांडल्या. नेव्हरचं इंग्रजी अ‍ॅप २०१४ला आलं, आपल्याकडे २०१६मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि एका हाताने लोकलचा दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वाचता येईल असा प्रकार मुंबईकराच्या हाती आला. इथे स्टॉलवाल्याची जागा अ‍ॅपच्या गणिताने घेतली. तुम्ही एक प्रेमकथा उघडा, ते आणखी दहा प्रेमकथा पुढे करतं.

भारतीय वेब कॉमिकची शिफारस कधीकधी सरकार आणि कोर्टानेही केली आहे, त्यांची तशी इच्छा नसताना. प्रौढांसाठीच्या एका मालिकेवर २००९मध्ये सरकारने बंदी घातली आणि ज्यांनी तिचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ते ऐकलं. ते नाव इथे लिहायची गरज नाही. काड्यांच्या माणसांतून राजकारणावर बोलणाऱ्या ‘सॅनिटरी पॅनल्स’च्या रचिता तनेजा यांना डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली, तेव्हा तेच झालं. मुंबईशी थेट नातं ‘प्रियाज शक्ती’चं. बलात्कारातून सावरलेली, वाघावर बसणारी ही नायिका डिसेंबर २०१४मध्ये मुंबईच्या कॉमिक कॉन या कॉमिकप्रेमींच्या मेळाव्यात आली. धारावीत तिची भित्तिचित्रं रंगवली गेली. फोन भिंतीसमोर धरला की चित्र हलू लागे. आपल्याकडे वेब कॉमिकला खरीखुरी भिंत मिळाल्याचं हे एक दुर्मीळ उदाहरण.

नवख्या वाचकाला काय द्यावं, हे या इतिहासातूनच ठरतं. ‘एक्सकेसीडी’ कुठूनही उघडा, क्रम नाही. त्यातलं २०१३चं ‘टाइम’ मात्र निवांत बघा: तीन हजारांहून अधिक चौकटी, एकेक करून काही महिन्यांत उलगडलेल्या. मोगल लघुचित्रांच्या तोंडी आजचे संवाद घालणारं ‘रॉयल एक्झिस्टेन्शियल्स’ आपल्या वाचकाला लगेच जवळचं वाटतं. नव्वदच्या दशकातलं बालपण हवं असेल तर ‘गार्बेज बिन’चा गुड्डू. शाळकरी मुलामुलींना अ‍ॅलिस ओसमनचं ‘हार्टस्टॉपर’, आणि ते पहिल्या भागापासूनच. आठ हजारांहून जास्त पानांचं ‘होमस्टक’ मी पहिल्या फेरीत कुणालाच सुचवत नाही. त्याचे चाहते यावर भांडायला येतील, येऊ देत.