चोपदार (पालखी सोहळा)

आषाढी वारीसाठी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात शिस्त राखणारा, दिंड्यांचा क्रम सांभाळणारा आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेणारा मानकरी. हातातला चांदीचा दंड, म्हणजे चोप, ही त्याची खूण. देहूच्या तुकाराम महाराजांच्या सोहळ्यातही चोपदार असतात. या नोंदीत मुख्यतः आळंदीच्या सोहळ्याचा विचार केला आहे.

शब्द दरबारी आहे. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. राजापुढे काठी घेऊन चालणारा आणि आल्यागेल्याची वर्दी देणारा तो चोबदार. तो वारीत आला त्यामागे हैबतबाबा आरफळकर आहेत. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. पुढे विरक्त होऊन आळंदीत राहिले. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून जात. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा काढला. कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यासाठी घोडे आणि तंबू दिले. आजही अश्व अंकलीहूनच चालत आळंदीला येतात. पुढे नगारखाना, मागे अश्व, मग क्रमाने दिंड्या, मुक्कामाला राहुट्यांचा तळ ही सारी मांडणी फौजेच्या कूचाची आहे. सरदाराने हरिनामाची छावणी उभी केली, तर तिच्यात चोपदार येणारच.

सोहळ्यात अधिकार एका हाती नाही. आळंदी संस्थानच्या विश्वस्तांपैकी एक जण सोहळाप्रमुख असतो. हैबतबाबांच्या वंशजांना ‘मालक’ म्हणतात. शितोळे सरकारांचा आणि वासकरांसारख्या जुन्या फडांचा, म्हणजे एका गुरुपरंपरेतल्या वारकऱ्यांच्या समूहांचा, मान वेगळा. प्रत्येक दिंडीत वीणा गळ्यात घेतलेला विणेकरी हा केंद्रस्थानी. भजन, टाळकरी आणि पखवाज त्याच्याभोवती चालतात. राहुट्या, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, वर्गणी आणि स्वयंपाक हे दिंडीप्रमुखाच्या डोक्याला. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक, प्रत्येकीला क्रमांक ठरलेला. या सगळ्यांच्या मधून, पुढून मागे आणि मागून पुढे फिरणारा माणूस म्हणजे चोपदार. हे काम वंशपरंपरेने चालते. दोन दिंड्यांत अंतर पडले, कोणी क्रम मोडून पुढे घुसले, भजनाच्या वेळेवरून कुरबुर झाली, की आधी त्यालाच हाक जाते.

त्याचा अधिकार नेमका कसा चालतो ते मुक्कामी पोचल्यावर होणाऱ्या समाजआरतीत पाहावे. पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात आणि शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. चोपदार चोप वर उचलतो आणि ‘हो’ असा लांब पुकारा करतो. टाळ थांबतात, एवढा मोठा तळ गप्प होतो. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती थांबत नाही; तिचे टाळ तसेच वाजत राहतात. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज, म्हणजे तक्रार कोणाची हे सांगावे लागत नाही. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, तिथेच तोडगा निघाला तर काढतो, नाहीतर सोहळाप्रमुख आणि मालकांपुढे विषय नेतो. दिंडीचे समाधान झाले की तिचे टाळ बंद होतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. अर्ज नाही, शिक्का नाही, तरी तक्रार नोंदली गेली नाही असे कोणी म्हणू शकत नाही. कारण ती साऱ्या तळाने ऐकलेली असते.

रिंगणाच्या दिवशी काम अंगमेहनतीचे. लोणंदनंतर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, म्हणजे रस्त्यावर रांगेने उभ्या दिंड्यांमधून अश्व धावतात. गोल रिंगणे पुढे सोलापूर जिल्ह्यात. गोल रिंगणात मधे पालखी, तिच्याभोवती दिंड्या, बाहेर घोड्यांची वाट आणि तिच्या कडेला प्रेक्षक. ही वाट मोकळी ठेवणे महत्त्वाचे, कारण माउलींच्या अश्वावर स्वार नसतो आणि तो भरधाव येतो. घोडे धावून गेले की टापांखालची माती कपाळी लावायला लोक वाटेवर धावतात. त्यानंतर टाळ-पखवाजाच्या तालावर रंगणाऱ्या उडीच्या खेळाचे निमंत्रणही दिंड्यांना चोपदारच देतात.

आज तळाच्या बाहेरची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आहे. पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांचे प्रशासन पाणी, फिरती शौचालये, दवाखाने आणि वाहतूक बघते. सीमा मात्र सगळीकडे स्पष्ट नसते. ११ जून २०२३ रोजी आळंदीत प्रस्थानाच्या वेळी मंदिर-प्रवेशावरून पोलीस आणि काही तरुण वारकऱ्यांत झटापट झाली, ती अशाच सीमारेषेवर. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. दिंड्याच नव्हत्या, म्हणून क्रमही लावायचा नव्हता.

दिंडीत नाव न नोंदवता चालणाऱ्यांना वारीत ‘मोकळा समाज’ म्हणतात. यांना क्रमांक नाही, विणेकरी नाही, समाजआरतीत ठरलेली जागा नाही. चोप वर गेला की नोंदलेली दिंडी थांबते. रस्त्याच्या कडेने जाणारा हा लोंढा मात्र चालतच राहतो, आणि त्याला आवरायला शिट्टी घेतलेला पोलीस लागतो.