रेप्लिकेशन सुरू करताना: ‘कधीपासून?’ हे आधी ठरवू

भोसरीच्या कारखान्यातला डेटाबेस आणि त्याची क्लाउडवरची प्रत कायम सारखी ठेवणं, हे रेप्लिकेशनचं काम. ते बसवायला आलो की आमचा पहिला प्रश्न असतो: नोंदी कधीपासून उचलायच्या? बहुतेक ग्राहक म्हणतात, “आत्तापासून.” गोची तिथंच होते.

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. रात्री ९:४० ला मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेतला आणि क्लाउडवर चढवला. नंतरच्या नोंदी बायनरी लॉगमधून (डेटाबेस प्रत्येक बदल ज्यात लिहून ठेवतो त्या फाइलींमधून) आणायच्या होत्या, म्हणून लॉग वाचणाऱ्या कमांडच्या ‘स्टार्ट-डेटटाइम’मध्ये २१:४० टाकलं. पण ही वेळ कमांड ज्या मशीनवर चालते, त्याच्या टाइमझोनप्रमाणे धरली जाते. कमांड चालवली क्लाउडवरच्या मशीनवर, आणि ते होतं यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर. त्याचे २१:४० म्हणजे पुण्यातले पहाटेचे ३:१०. मधल्या साडेपाच तासांतले रात्रपाळीचे गेटपास प्रतीत आलेच नाहीत आणि एररही आली नाही. सकाळी स्टोअरवाल्यांनी गेटपासचं पुस्तक ताडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. वेळ मागची पडली असती तर परवडलं असतं: त्याच नोंदी पुन्हा घुसायला गेल्या असत्या आणि १०६२ नंबरची ‘डुप्लिकेट एंट्री’ लगेच दिसली असती.

म्हणून आता आम्ही घड्याळावर विसंबत नाही, लॉगमधली जागा धरतो. डंप घेताना ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ आणि ‘सोर्स-डेटा’ हे पर्याय दिले, की लॉग फाइलचं नाव आणि पोझिशन डंपच्या सुरुवातीलाच लिहून येते. (टेबलं इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-प्रकारातली हवीत. जुन्या सॉफ्टवेअरची नसतात, ती आम्ही आधी तपासतो.)

ओरॅकल गोल्डनगेट हे रेप्लिकेशनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: ‘बिगिन नाउ’मधलं ‘नाउ’ म्हणजे एक्स्ट्रॅक्ट (मूळ डेटाबेसच्या लॉगमधून बदल उचलणारा प्रोसेस) ॲड केला तो क्षण, स्टार्ट केला तो नव्हे. शुक्रवारी ॲड करून सोमवारी स्टार्ट केलं, तर त्याला शुक्रवारपासूनचे लॉग लागतात. शनिवारच्या साफसफाईत कुणी आर्काइव्ह लॉग उडवले असतील, तर गाडी तिथंच अडते. शिवाय एक्स्ट्रॅक्ट सुरू होण्याआधीपासून उघडी असलेली ट्रान्झॅक्शन मिटल्याशिवाय प्रत काढता येत नाही. अकाउंट्समधलं कुणी अर्धवट एंट्री उघडी ठेवून जेवायला गेलं, तर आम्ही ताटकळतो. आमची हरकत नाही, पण तासाचा हिशोब तुमच्याच बिलात लागतो! प्रत ज्या एससीएनवर (ओरॅकलमधला बदलांचा चढता क्रमांक) काढली, त्याच आकड्यानंतर ‘आफ्टर सीएसएन’ (सीएसएन हे त्याच क्रमांकाचं गोल्डनगेटमधलं नाव) देऊन रेप्लिकॅट, म्हणजे प्रतीत बदल भरणारा प्रोसेस, सुरू करतो.

आम्ही येण्याआधी दोन्ही सर्व्हरचे टाइमझोन कळवा आणि लॉग आपोआप पुसणारी जॉब थांबवा. मायएसक्यूएल ८ मूळ सेटिंगमध्ये बायनरी लॉग ३० दिवस ठेवतं, पण डिस्क भरली म्हणून मध्येच कुणीतरी ते दोन दिवसांवर आणून ठेवलेलं असतं.

काम झाल्यावर प्रतीत एखाद्या बिलाची वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर घाबरू नका. टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत साठतो आणि सेशनच्या टाइमझोनप्रमाणे दिसतो. डेटटाइम कॉलम मात्र जसाच्या तसा राहतो. अशा वेळी हाताने अपडेट मारू नका, आधी आम्हाला फोन करा.