लेफ्ट रिकर्शन आणि पेग: ‘चालते’ या शब्दातला घोळ

पेग (पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामर) पद्धतीच्या पार्सरला, म्हणजे व्याकरणाच्या नियमांनी मजकुराची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामला, लेफ्ट रिकर्शन (नियमाने सुरुवातीलाच स्वतःला बोलावणे) चालते की नाही, या प्रश्नाला आज दोन्ही उत्तरे मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. आधी जमत नव्हते, मग कोणाला तरी युक्ती सुचली, आता जमते, असे हे प्रकरण बहुतेकदा सांगितले जाते. त्यात एक मुख्य गोष्ट राहून जाते.

पेगची मुळे १९७० च्या आसपासच्या सैद्धांतिक कामात आहेत. प्रत्येक जागेवरचा प्रत्येक नियमाचा निकाल साठवून ठेवण्याइतकी मेमरी त्या काळी कोणाकडेच नव्हती. २००२ मध्ये असे निकाल साठवून ठेवणारे पॅकरॅट पार्सिंग आले आणि २००४ मध्ये पेग हे नाव आणि त्याची काटेकोर व्याख्या आली. या व्याख्येत नियमाचा निकाल दोनच प्रकारचा: इतका मजकूर जुळला, किंवा जुळला नाही. एक अक्षरही पुढे न सरकता स्वतःलाच बोलावणाऱ्या नियमाला यातला कोणताच निकाल लागू होत नाही. तो चुकीचा ठरत नाही, त्याला अर्थच उरत नाही. म्हणून काही साधने असे व्याकरण सुरुवातीलाच नाकारतात आणि काही स्टॅक संपेपर्यंत फिरत राहतात. यॅक या पार्सर बनवणाऱ्या जुन्या साधनाची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटे, कारण तिथे डावीकडून लिहिणेच चांगले मानले जाते.

तेव्हा ‘लेफ्ट रिकर्शन चालवणे’ म्हणजे अर्थ नसलेल्या नियमाला नव्याने अर्थ देणे. तो कोणता द्यायचा, यावर पुढचा सगळा वाद झाला.

२००८ मध्ये ‘बी वाढवण्या’ची पद्धत आली. नियम असा घ्या (तिरक्या रेघेने पर्याय वेगळे होतात; पहिला जुळला नाही तरच दुसरा पाहिला जातो):

वजा ← वजा '-' अंक / अंक

मजकूर ९-४-३. पहिल्या जागेवर ‘वजा’चा निकाल आधीच ‘जुळला नाही’ असा मेमोत (निकालांच्या साठ्यात) लिहून ठेवायचा. त्यामुळे पहिला पर्याय पडतो, दुसऱ्याने ९ मिळतात. हे झाले बी. आता ९ मेमोत ठेवून नियम पुन्हा चालवायचा: ९-४ मिळते. पुन्हा चालवला की ९-४-३. त्यापुढच्या फेरीत लांबी वाढत नाही, म्हणून थांबायचे. रचनेचे झाड आपोआप डावीकडे झुकलेले, म्हणजे (९-४)-३ असे, तयार होते आणि उत्तर २ येते. (पर्याय उलटे लिहिले, तर प्रत्येक फेरीत ९ च मिळतात आणि बी कधी उगवतच नाही. पेगमध्ये क्रमाला किती किंमत आहे, हे यातून चांगले कळते.)

नियम आडवळणाने स्वतःकडे येत असेल, तर काम अवघड होते. जावातल्या मेथड कॉल आणि फील्डच्या साखळ्या अशाच असतात. तिथे जुन्या बीवर उभे असलेले मधल्या नियमांचे मेमो प्रत्येक फेरीत खोडावे लागतात. रेषीय वेळेची सरसकट हमीही इथे सुटते, आणि हे २००८ च्या त्या मांडणीतच कबूल केले होते.

खरी ठिणगी २०१० मध्ये पडली. आक्षेप एवढाच होता, की नियम असा लिहिला तर काय?

वजा ← वजा '-' वजा / अंक

डावीकडचे बी ९. वजाचिन्हानंतर ‘वजा’ पुन्हा बोलावला जातो, पण आता नव्या जागेवर. तिथे तो स्वतःचे वेगळे बी रुजवतो आणि ४-३ पर्यंत वाढवून मोकळा होतो. म्हणजे झाले ९-(४-३), उत्तर ८. डावीकडून लिहिलेला नियम उजवीकडे झुकला. आक्षेप घेणाऱ्यांचा उपाय असा: थेट लेफ्ट रिकर्शनच हाताळायचे, आणि नियम दोन्ही बाजूंनी स्वतःला बोलावत असेल तर उजवीकडच्या बीला वाढू द्यायचे नाही. मग उत्तर २ येते.

आक्षेप बिनतोड आहे, पण त्याला गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळाले असे मला वाटते. दोन्ही टोकांना स्वतःला बोलावणारा नियम संदर्भमुक्त व्याकरणात (यॅक वापरते त्या प्रकारच्या) संदिग्धच असतो, म्हणजे एकाच मजकुराची एकाहून जास्त झाडे होतात. पेगमध्ये संदिग्धता नसते, असे आपण अभिमानाने सांगतो. मग इथे पार्सरने लिहिणाऱ्याच्या मनातले ओळखावे ही अपेक्षा कशी? २०१२ ते २०१४ दरम्यान आलेली मांडणी म्हणून अधिक प्रामाणिक वाटते. तिने लेफ्ट रिकर्शनला आधी रीतसर गणिती अर्थ दिला, दुहेरी नियम उजवीकडे झुकतो हे मान्य केले, आणि डावीकडे हवा असेल तर नियमाच्या प्रत्येक वापरावर अग्रक्रमाचा आकडा लिहायला सांगितले.

यानंतर हा विषय अभ्यासकांपुरताच उरला असता, पण २०२० मध्ये पायथन ३.९ ने जुना एलएल(१) (पुढचे एकच चिन्ह पाहून पर्याय निवडणारा) पार्सर सोडून पेग घेतला. जुन्या व्याकरणात वजाबाकी म्हणजे ‘एक पद, मग चिन्ह आणि पद कितीही वेळा’ असे सपाट चक्र होते, आणि डावीकडे झुकलेले झाड नंतर हाताने लिहिलेल्या सी कोडमध्ये बांधावे लागे. नव्या व्याकरणात बेरीज-वजाबाकीचा नियम सरळ डावीकडून स्वतःला बोलावतो आणि बी वाढवण्याची पद्धत बाकीचे पाहते. दुहेरी नियमाचा प्रश्न तिथे येतच नाही, कारण वजाचिन्हाच्या उजवीकडे खालच्या पातळीचा वेगळा नियम आहे. घाताची क्रिया उजवीकडून करायची असते, म्हणून तो नियम उजव्या बाजूने फिरून स्वतःकडे येतो.