नावाऐवजी आकडा : दक्षिण येमेनचे सहा प्रांत

वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वारले ते एडनच्या तुरुंगात. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८३९ साली ते घेतले, तेही मुंबई सरकारच्या फौजेने. बंदराभोवतीचा मुलूख मात्र वीसहून अधिक सुलतान, शेख आणि अमिरांमध्ये वाटलेला होता. ब्रिटिशांनी त्यांच्याशी तह केले आणि त्यांच्या गाद्या तशाच राहू दिल्या.

एडन आणि हा सगळा मुलूख मिळून ३० नोव्हेंबर १९६७ रोजी दक्षिण येमेन हा देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारने सगळी संस्थाने खालसा करून देशाचे सहा प्रांत पाडले. अरबीत प्रांताला 'मुहाफजा' म्हणतात. या प्रांतांना नावे दिलीच नाहीत, नुसते क्रमांक दिले. एडन पहिला. त्याच्या उत्तरेचा लाहेजचा मुलूख दुसरा, मग पूर्वेकडे सरकत अब्यान तिसरा, शब्वा चौथा, हद्रमौत पाचवा आणि ओमानला टेकलेला महरा सहावा.

यामागचा विचार मला पटण्यासारखा वाटतो. लाहेज म्हटले की अब्दली सुलतान आठवायचा, अब्यान म्हटले की फदली. गावाच्या नावातच धनी दडलेला! आकड्याला ना घराणे, ना टोळी.

पाचव्या प्रांतात कुआयती आणि कथीरी ही दोन जुनी वैरी संस्थाने एकत्र आली. कुआयतींचे वैभव उभे राहिले होते हैदराबादेत, निजामाच्या अरबी पलटणींतल्या जमादारीवर. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरे आहेत, त्यांचे पूर्वज याच हद्रमौतहून आलेले.

महराची गोष्ट उलटी. तिथला सुलतान राहायचा सोकोत्रा बेटावर, आणि किनाऱ्यावरचा मुलूखही त्याचाच. नव्या नकाशात किनारा सहाव्या प्रांतात गेला आणि बेट शेकडो किलोमीटर दूरच्या एडनला, म्हणजे पहिल्याला जोडले. एका राज्याचे असे दोन तुकडे झाले.

सत्तरचे दशक सरता सरता आकडे गेले आणि नावे परत आली. पण मधल्या काळात माणसे आपला मुलूख विसरली होती का? १३ जानेवारी १९८६ रोजी एडनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या बैठकीतच गोळ्या झाडल्या गेल्या आणि यादवी पेटली. दोन आठवड्यांच्या आत हजारो लोक मेले. दोन्ही बाजू स्वतःला समाजवादीच म्हणवत होत्या. तरी अध्यक्ष अली नासेर मुहम्मद यांच्या मागे मुख्यतः अब्यान आणि शब्वाचे लोक उभे राहिले, आणि समोर लाहेजचे.