शेकायच्या पॅडवर थर्मल कॅमेरा धरला की काय काय दिसतं

आमच्याकडे कुणाची कंबर धरली की आधी तवा तापायचा, त्यावर मिठाची पुरचुंडी, आणि आजी ती पहिले स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग आमच्या कमरेला. आता त्याजागी वायरवाला हीटिंग पॅड आलाय, लो-मिडियम-हायचं बटण दाबायचं आणि झोपायचं, मनगट बिनगट कोणी लावत नाही कारण आपण धरून चालतो की बनवणाऱ्यानं ते बघितलंच असेल.

तर ते बघतात कसं? पॅडमधला थर्मोस्टॅट एकाच जागी बसलेला असतो, तो बिचारा फक्त आपल्या शेजारची खबर देतो. कोपऱ्यात वायरींचे वेढे एकमेकांवर चढले आणि तिथं जास्त तापलं तर त्याला पत्ताच नाही. कोविडमध्ये कपाळावर रोखायचे ते पिस्तूल आठवतंय ना, ते एका ठिपक्याचं तापमान सांगायचं. थर्मल कॅमेरा म्हणजे तशी हजारो पिस्तुलं एकदम, 320 बाय 240 चा असेल तर 76,800 ठिपके, त्यामुळे गरम डाग लगेच डोळ्यात भरतो.

आपली कातडी सतत इन्फ्रारेड किरण सोडत असते, सगळ्यात जास्त साधारण साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. ते साध्या काचेतून जातच नाहीत म्हणून या कॅमेऱ्याची लेन्स त्यांना वाट देणाऱ्या जर्मेनियमची, आणि आत बहुतेक वेळा व्हॅनेडियम ऑक्साइडचे बारीक ठिपके असतात, किरण पडले की तापतात, तापले की त्यांचा विद्युतरोध बदलतो, झालं चित्र. गंमत अशी की शेजारच्या दोन ठिपक्यांत 0.05 अंशाचा फरक असला तरी हा ओळखतो, पण नक्की तापमान किती हे विचारलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांची चूक दोन अंश इकडे-तिकडे असते.

दोन अंशानं काय होतंय असं वाटेल, पण इथंच सगळी मेख आहे. 1947 मध्ये मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर प्रयोग करून भाजायला किती वेळ लागतो ते मोजलं. 44 अंशाला साधारण 6 तास, आणि तिथून 51 पर्यंत दर अंशाला वेळ जवळजवळ निम्मा! म्हणजे पॅड लावून झोप लागली तर एकेक अंश महागात पडतो, आणि डायबेटिसमुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तर चटका कळतच नाही. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी 60601-1 या मानकात अंगाला 10 मिनिटं किंवा जास्त टेकणाऱ्या भागाला 43 अंशांची मर्यादा आहे ती उगाच नाही. आता कॅमेरा 42 म्हणतोय आणि खरं 44 असलं तर? म्हणून नीट टेस्टिंग करणारे फ्रेममध्येच तापमान पक्कं ठाऊक असलेला काळा संदर्भस्रोत ठेवतात, त्याच्याशी ताडलं की कॅमेऱ्याची चूक कळते.

कॅमेरा फसतोही फार. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि आरशासारखे दुसऱ्याचे परत पाठवतो, त्यामुळे गरम प्लेट थंड दिसते आणि वर तुमचीच आकृती तिच्यात उमटते, त्याला उपाय म्हणजे मॅट काळी पट्टी चिकटवणे. रंगांचंही तेच, ऑटो मोडमध्ये चित्रातला सगळ्यात गरम भाग लाल, मग तो 31 अंश का असेना. (इंटरनेटवरचे लालभडक फोटो बघून घाबरण्याआधी बाजूची पट्टी वाचा.) शिवाय पॅड टेबलावर उघडा ठेवून फोटो काढला तर तो गुणी बाळासारखा वागतो, अंगाखाली आणि वर गोधडी घेतली की उष्णता अडकून तोच चढतो. म्हणून वजन ठेवून, पांघरूण घालून तापवतात, मधे थर्मोकपलच्या म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा ठेवतात आणि पॅड उचलल्या उचलल्या फोटो घेतात.

पण हे सगळं वरवरचं, कॅमेऱ्याला कातडीच्या आतलं दिसत नाही. आणि फिजिओथेरपीतलं शॉर्टवेव्ह डायथर्मी मशीन, 27.12 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी शेकणारं, आतच तापवतं की! हे आतलं तापणं बघायची युक्ती सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आर्थर गाय यांनी काढली, 1971 चा त्यांचा पेपर आहे. चरबी आणि स्नायूसारखे विद्युत गुण असलेल्या मिश्रणाचा पुतळा करायचा, स्नायूसाठी पाणी, मीठ, प्लॅस्टिकची पूड आणि घट्ट करायला जेल, पण तो मधोमध आधीच कापलेला. दोन भाग जोडायचे, थोडाच वेळ पण जोरात तापवायचं म्हणजे उष्णता पसरायला सवड मिळत नाही, आणि मग पटकन कलिंगडासारखं उघडून आतल्या कापावर कॅमेरा धरायचा. एका फोटोत कळतं की मशीनच्या दोन प्लेटच्या मधे धरलं तर चरबी जास्त तापते आणि कॉइलनं तापवलं तर स्नायू. तापमान ओळखणारे मज्जातंतू मुख्यतः कातडीत असल्यामुळे पेशंट मात्र दोन्ही वेळेला म्हणू शकतो, हां, छान गरम लागतंय.