गाळाच्या खडकांतील विभंगांचा भूभौतिकीय शोध

ज्या भेगेला अनुसरून दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकलेले असतात, तिला विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. वालुकाश्म, चुनखडक यांसारख्या गाळाच्या खडकांचे थर मुळात जवळजवळ आडवे व सलग साचलेले असतात. त्यामुळे एखादा थर मध्येच तुटून वरखाली झाला, तर तो बदल मातीखालूनही ओळखता येतो. मात्र उपकरणांना विभंगाची भेग स्वतः क्वचितच जाणवते. मोजला जातो तो तिच्या दोन्ही अंगांच्या खडकांमधील भौतिक गुणधर्मांचा फरक.

सर्वांत तपशीलवार चित्र भूकंपीय परावर्तन पद्धतीने मिळते. तिची क्षेत्रीय चाचणी १९२१ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात झाली. स्फोटाने किंवा कंपनयंत्राने निर्माण केलेले तरंग थरांच्या सीमांवरून परततात व जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) ते टिपतात. विभंगापाशी परावर्तनाच्या रेषा तुटतात आणि तुटलेल्या कडांवरून विवर्तन (तरंगांचे सर्व दिशांना पसरणे) होऊन नोंदीत छत्रीसारखे वक्र उमटतात; नवशिक्याला ते खडकांच्या घड्या वाटू शकतात. गणिती प्रक्रियेने हे वक्र मूळ बिंदूत गोळा केले की कड नेमकी दिसते. पद्धतीची सूक्ष्मता साधारणतः तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असते : तरंगवेग ३,००० मी./से. आणि कंप्रता ३० हर्ट्झ असल्यास तरंगलांबी १०० मी. भरते, म्हणून २५ मी.हून कमी उभी सरक सहसा स्पष्ट दिसत नाही. आडव्या थरांत केवळ बाजूला सरकलेला विभंग तर मोठा असूनही निसटतो, कारण त्याच्या दोन्ही अंगांस थर एकाच खोलीवर राहतात.

गुरुत्वमापन, म्हणजे खडकांच्या घनतेनुसार गुरुत्वात पडणारा फरक मोजणे, स्वस्त, पण ढोबळ आहे. घनतेतील फरक ०.२ ग्रॅ./घ.सेंमी. आणि सरक १०० मी. असेल, तर विभंगाच्या दोन बाजूंच्या मापनांत फार तर सु. ०.८४ मिलिगॅल (मिलिगॅल हे गुरुत्वातील सूक्ष्म फरकाचे एकक) फरक पडतो. हा पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असल्याने आणि उंचीनुसारही गुरुत्व बदलत असल्याने मापनस्थानांची उंची काटेकोरपणे मोजावी लागते. गाळाचे खडक सहसा क्षीण चुंबकीय असतात, त्यामुळे चुंबकीय सर्वेक्षणात मुख्यत्वे त्यांच्याखालील स्फटिकी पायाचे (ग्रॅनाइटासारख्या जुन्या कठीण खडकांचे) विभंग उमटतात.

उथळ विभंगांसाठी विद्युत् रोधकतेचे (विजेच्या प्रवाहाला खडक करत असलेल्या विरोधाचे) मापन सोयीचे ठरते. विभंगपट्ट्यातील भरडलेला खडक चिकणमातीमय किंवा पाण्याने भरलेला असल्यास त्याची रोधकता घटते. परंतु साध्या ओल्या चिकणमातीचा थरही तसाच आकडा दाखवतो. म्हणून सर्वेक्षणाच्या रेषा संशयित विभंगाला शक्यतो काटकोनात आखतात, एकाहून अधिक पद्धतींचे निष्कर्ष ताडून पाहतात आणि विभंगाच्या दोन्ही बाजूंना वेधनछिद्रे घेऊन एकाच ओळखीच्या थराची खोली मोजतात.