अडीनडीची तजवीज (बेळगाव सीमाभाग)

काम बंद पडणे, पूर येणे, पीक बुडणे किंवा आजारपण ओढवणे अशा काळात घर तगावे म्हणून आधीपासून करून ठेवलेली सोय म्हणजे अडीनडीची तजवीज. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या तालुक्यांतील मराठी कुटुंबांत तिचे दोन भाग असतात. एक आपापसांतला : भिशी, दिवाळी फंड, पिग्मी (रोज थोडी थोडी बचत), सोसायटीतील ठेव, बायकांचा संघ (बचत गट). दुसरा सरकारी : रेशन, गृहलक्ष्मी (कर्त्या बाईला महिन्याचे पैसे), रोजगार हमी, पीकविमा, नुकसानभरपाई. माणसाने स्वतःच्या हिमतीवर निभवावे की सरकारकडे बघावे, हा वाद पारावर नेहमी रंगतो. घरखर्चाच्या वहीत तो निराळा दिसतो. कोणता पैसा किती दिवसांत हाती येतो आणि अडचण एका घरावर आली आहे की सगळ्या गल्लीवर, यावर कोणता आधार चालेल हे बहुतेक वेळा ठरते.

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातील यंत्रमागावर मजुरी साडीच्या नगावर मिळते, निपाणीत विडीची मजुरी हजारावर. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत ऑर्डर आली तर ओव्हरटाइम, नाही तर सुट्टी. खानापूरकडे भाताचे एकच पीक, आणि वीटभट्टीचे काम पाऊस पडेपर्यंतच. महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेला पगार येणारी घरे थोडी. त्यामुळे इथली बचत आठवड्याच्या बाजाराच्या हिशेबाने चालते, महिन्याच्या नाही.

दिवाळी फंड

गल्लीतील सर्वात रुळलेली पद्धत हीच. दिवाळी झाली की नवा फंड सुरू होतो आणि पुढच्या दिवाळीला जमलेला पैसा व्याजासह सभासदांत वाटला जातो. तीस सभासद, आठवड्याला प्रत्येकी १०० रुपये, बावन्न आठवडे. वसुली बहुधा रविवारी संध्याकाळी देवळात किंवा एखाद्याच्या कट्ट्यावर. लाल बांधणीची लांबट वही, त्यात प्रत्येकाच्या नावाचे पान. पैसे मोजून घेतले की रकमेपुढे सही, आणि सभासदाच्या छोट्या पुस्तकातही तीच नोंद. दोन्हीकडे सही नसेल तर पैसे भरले असे धरत नाहीत, हा नियम ज्या फंडात कडक पाळला जातो तिथे भांडणे कमी होतात.

जमलेले पैसे सभासदांनाच दरमहा दोन टक्क्यांनी, कुठे तीन टक्क्यांनी, कर्जाऊ दिले जातात. बाहेरच्याला द्यायचे तर सभासदाचा जामीन लागतो. वरच्या आकड्यांनी वर्षाचा जमा १,५६,००० रुपये होतो. पैसा आठवड्या-आठवड्याने वाढत जातो, म्हणून वर्षाची सरासरी शिल्लक निम्मी, म्हणजे ७८,००० धरावी. ती सगळी दोन टक्क्यांनी फिरली तर १८,७२० रुपये व्याज सुटते, सभासदामागे ६२४. भरले ५,२००, मिळाले ५,८२४. प्रत्यक्षात एवढे सहसा सुटत नाही, कारण वाटपाची तयारी म्हणून दसऱ्यापर्यंत सगळी कर्जे परत घ्यावी लागतात आणि शेवटचे काही आठवडे पैसा नुसता पडून राहतो.

फंडाचे दुखणे याच दसऱ्याच्या वसुलीत आहे. कर्ज घेणारा आणि वाटपाची वाट बघणारा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच धंद्यात असतात. मागाला सूत मिळेना किंवा साडीला उठाव नसेल तर दहा घरांचे हप्ते एकदमच थकतात. मग खजिनदार पदरचे घालतो किंवा वाटप पुढे जाते. खजिनदारावर संशय येतो तो इथेच, त्याने पैसे खाल्लेले नसले तरी. यावर खात्रीचे उपाय दोनच : एका सभासदाला त्याच्या वर्षभराच्या भरण्याच्या दुप्पटीहून जास्त कर्ज द्यायचे नाही, आणि शेवटच्या दोन महिन्यांत नवे कर्ज काढायचे नाही. दुसरा नियम मोडण्याचा मोह फार होतो, कारण गणपतीचा खर्च नेमका त्याच सुमारास येतो.

भिशी

चिठ्ठीच्या भिशीत वीस जण महिन्याला हजार भरतात. ज्याची चिठ्ठी निघेल तो वीस हजार उचलतो आणि उरलेले महिने भरत राहतो. बोलीच्या भिशीत गरजू माणूस तोटा बोलतो. ३,००० ची बोली सुटली तर त्याला १७,००० मिळतात आणि ३,००० वीस जणांत वाटून प्रत्येकाचा त्या महिन्याचा हप्ता ८५० होतो. म्हणजे लवकर उचलणारा कर्जदार आणि शेवटी उचलणारा ठेवीदार. हे ओळखून माणसांनी आपली जागा धरावी. दवाखान्यासाठी पहिल्या महिन्यात मोठी बोली लावणारा अखेरपर्यंत तो तोटा फेडत असतो, आणि मधल्या काळात त्याचे काम गेले तर भिशी मोडण्याची सुरुवात त्याच्यापासूनच होते. उचल देताना दोन जामीन घेण्याची चाल त्यासाठीच आहे. मोठ्या रकमेची बोलीची भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणीशिवाय चालवता येत नाही. गल्लीतल्या भिश्या विश्वासावर चालतात आणि बुडाल्या तर कोर्टात दाखवायला वहीपलीकडे काही नसते.

पिग्मी आणि सोसायटी

पिग्मी हा शब्द कर्नाटकातलाच. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोज दोन आण्यांपासून घरोघर जाऊन बचत गोळा करण्याची योजना या नावाने काढली आणि आज बेळगावच्या बाजारपेठेत भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द आहे. एजंट रोज दुकानावर येतो, पन्नास-शंभर घेतो, हातातल्या मशीनची पावती देतो. मुदतीआधी पिग्मी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर एजंटचे कमिशन कापले जाते. पावती हातात असली तरी महिन्यातून एकदा काउंटरवर जाऊन पासबुक भरून घ्यावे. पैसे एजंटने घेतले पण खात्यावर चढले नाहीत, ही तक्रार वर्षअखेर उघडकीस येते तेव्हा उशीर झालेला असतो.

इथली गल्ली न् गल्ली सोसायट्यांनी भरली आहे. काही १९५९ च्या सहकारी संस्था कायद्याखाली, काही १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या. ठेवीदाराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पाच लाखांपर्यंतचा ठेवविमा बँकांना, सहकारी बँकांनाही, लागू आहे, पतसंस्थेला किंवा सोसायटीला नाही. व्याज एक-दोन टक्के जास्त मिळते ते या जोखमीपोटी. आयुष्याची पुंजी, विशेषतः निवृत्तीचा फंड, एकाच सोसायटीत ठेवलेली घरे संस्था अडचणीत आली की पार बसतात.

संघ

बचत गटाला इथे सरळ ‘संघ’ म्हणतात, कर्जाच्या हप्त्याला ‘संघाचा हप्ता’. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, नियमित बचत, आतल्या आत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटांना १९९२ पासून नाबार्डच्या कार्यक्रमातून बँकांचे कर्ज मिळू लागले. असा संघ खरा आधार आहे.

बिघाड होतो तो बाहेरच्या फायनान्सच्या कर्जगटांमुळे, ज्यांनाही लोक संघच म्हणतात. तिथे बचत नसते, नुसते कर्ज आणि आठवड्याचा हप्ता. एकीचे चुकले की बाकीच्या बायकांना बसवून ठेवतात, म्हणून एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज निघते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा कर्जांत घरातील सर्वांच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. चौदा हजार मिळवणाऱ्या घराला सात हजार ही कमाल. सही करण्यापूर्वी हा हिशेब बाईने स्वतः कागदावर मांडावा, कारण कर्ज देणारा माणूस तिच्या दुसऱ्या कर्जांबद्दल विचारेलच असे नाही. वसुलीसाठी घरी येऊन दमदाटी, सामान उचलणे यांविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायद्याने दमदाटी थांबते, नोंदणीकृत फायनान्सचे कर्ज मात्र राहतेच.

गल्ली जिथे कमी पडते

एका घरात आजारपण आले तर भिशी, फंड, शेजारी मिळून भागते. सगळ्यांचे काम एकदम थांबले तर हीच साखळी उलटी फिरते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने माग, फौंड्री, हॉटेले, विडीचे कारखाने एकाच आठवड्यात बंद पडले. कुणाचीच मजुरी येईना, म्हणून कुणाचाच हप्ता येईना. पुस्तकात जमा असलेला पैसा कर्जदारांच्या घरी अडकला होता आणि कर्जदार उपाशी होता. त्या वेळी घर तरले ते रेशनवर : एप्रिल २०२० पासून नेहमीच्या धान्याशिवाय माणशी पाच किलो मोफत, आणि जनधन खात्यावर बायकांना तीन महिने ५०० रुपये. आळसामुळे किंवा उधळपट्टीमुळे हे झाले नव्हते. ज्यांचा धोका एकच आहे त्यांनी एकमेकांचा विमा उतरवला की असेच होते. तिथे गल्लीबाहेरचा, राज्याच्या किंवा देशाच्या तिजोरीतला पैसाच लागतो. त्या वर्षी कर्जाच्या हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत मिळाली. ती माफी आहे असा समज पुष्कळ घरांत झाला होता. व्याज चालूच राहिले आणि नंतरचे हप्ते लांबले.

सरकारी पैशाचा वेग

२०२३ पासून कर्नाटकात घरातील कर्त्या बाईला गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये मिळतात. ती किंवा नवरा आयकर वा जीएसटी भरणारा नसावा. २०० युनिटपर्यंतची वीज आणि बायकांचा बसप्रवास मोफत झाला. ही मदत मोलाची आहे, पण गृहलक्ष्मीचे हप्ते काही वेळा महिनोन् महिने रखडून एकदम जमा झाले. म्हणून ते पैसे येतीलच असे धरून त्यावर संघाचा हप्ता बांधू नये. आले की गॅस, शाळेची फी, पिग्मी यांत घालणे सोयीचे.

२००५ च्या कायद्याने आलेल्या रोजगार हमीत काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. भत्ता क्वचितच मिळे, कारण लोक काम तोंडी मागत. नमुना ६ (काम मागण्याचा अर्ज) भरून पंचायतीकडून तारखेची पोच घेतली तरच पंधरा दिवस मोजले जात. सरकारी मदतीच्या बाबतीत ही एक सवय सगळीकडे उपयोगी : पोच घ्यावी, तारीख बघावी.

पूर आणि अतिवृष्टीत हे जास्तच खरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्यांनीच काठ सोडले. बेळगावजवळ बळ्ळारी नाला तर शहापूर, येळ्ळूरकडील भाताच्या शिवारात वारंवार शिरतो. पाणी ओसरल्यावर भिंत पुसण्याआधी पाण्याची रेघ, भिंतीचा तडा आणि घराचा दर्शनी भाग यांचे फोटो काढावेत. पंचनामा त्यावरच ठरतो. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेले असेल तरच मदत, केंद्राच्या २०२२–२६ च्या निकषांनी कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. वीस गुंठे कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला यातून सुमारे १,७२० रुपये येतात. हा बियाण्या-मजुरीचा खर्चही नाही.

पीकविम्यात स्थानिक नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. भातकऱ्यांना यात मोठी अडचण होती : २०१८ पासून पाण्याखाली गेलेल्या भाताचा वैयक्तिक दावा बसत नसे. खरीप २०२६ पासून तो पुन्हा घेण्याचे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले.

कागद

मदत अडते ती बहुतेक नावावर. उतारा अजून आजोबांच्या नावे, चार भावांची पोडी (जमिनीची मोजून फोड) झालेली नाही, वारसा चढलेला नाही. पैसे उताऱ्यावरच्या नावाला जातात आणि शेतकऱ्याचा फ्रूट्स क्रमांक (कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीचा) नसेल तर जातच नाहीत. वारसा नोंद पाऊस नसताना, नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) गर्दी नसताना करून घ्यावी.

सीमाभागाची स्वतःची अशी एक अडचण आहे. रेशनकार्ड कानडीत, आधार इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत. ‘शांता’, ‘शांताबाई’ आणि लग्नानंतरचे नाव अशी एकाच बाईची तीन नावे, आणि ई-केवायसी नाकारली जाते. सोयरीक चंदगड, गडहिंग्लजकडची असली तर सुनेचे नाव माहेरच्या महाराष्ट्रातील कार्डावर राहून जाते. ते कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडच्या कार्डावर चढत नाही, आणि नाव चढेपर्यंत तिच्या वाट्याचे धान्यही नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच हे काम उरकावे. अर्ज कानडीतच हवा असे कुणी सांगितले तरी संविधानाच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. ऑनलाइन अर्जात मात्र कानडी आणि इंग्रजीच चालते, म्हणून नावाचे इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

दवाखान्याच्या बाबतीत दोन राज्यांची दारे आहेत. बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. कोणत्या योजनेतून कोणत्या दवाखान्यात जायचे हे पेशंट गाडीत घालण्याआधी ठरवावे लागते. योजनेत नसलेल्या दवाखान्यात एकदा भरती झाले की बिल रोखीने येते, आणि ती रोख पुन्हा भिशीच्या बोलीतूनच उचलली जाते.